चष्मा, बीपी किंवा डायबिटीस असेल तर पायलट होता येतं का? मेडिकलचे नियम काय सांगतात?

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमानं उडू लागली. जुईनगर, नेरूळ, पनवेल भागातल्या बारावीच्या मुलांना आता विमानं घराजवळच दिसतात आणि 'पायलट व्हायचंय' हे घरोघरी ऐकू येतं. पण पाठोपाठ शंका येते : चष्मा आहे, लहानपणी दमा होता, मग मेडिकलमध्ये बाद होणार का?

प्रत्येक आजारामुळे दार बंद होत नाही. डॉक्टर मुख्यतः पाहतात ते हे की, या आजारामुळे पायलट उडताना अचानक अकार्यक्षम होऊ शकतो का?

क्लास 2 आणि क्लास 1 म्हणजे काय?

भारतात ही प्रमाणपत्रं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए देतं. शिकाऊ पायलटला क्लास 2 लागतं, तर नोकरीसाठीच्या कमर्शियल लायसन्सला क्लास 1. दोन्ही तपासण्या डीजीसीएने मान्यता दिलेले डॉक्टर आणि केंद्रंच करतात, नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालत नाही.

कोणत्या आजारात काय होतं?

भारतातले नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयकाओ) निकषांवर आधारलेले आहेत. ते निकष असे :

- चष्मा : चालतो. क्लास 1 साठी चष्म्यासह प्रत्येक डोळ्याची दूरची दृष्टी 6/9 आणि दोन्ही डोळ्यांची मिळून 6/6 हवी. उडताना जादा चष्मा जवळ ठेवावा लागतो.
- रंगांधळेपण : ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे ओळखता आले नाहीत, तर दिव्यांचे रंग ओळखण्याची पुढची चाचणी घेता येते. त्यातही अपयश आलं तर क्लास 1 मिळत नाही.
- रक्तदाब : नियंत्रणात हवा. औषध चालू असेल तर ते उड्डाणासाठी सुरक्षित असावं लागतं.
- डायबिटीस : फक्त आहाराने किंवा योग्य गोळ्यांनी नियंत्रणात असेल तर विचार होतो. इन्सुलिन घेणारे आयकाओच्या निकषांनुसार अपात्र ठरतात. ब्रिटनने मात्र 2012 पासून कडक अटींवर त्यांना परवानगी दिली आहे.
- दमा : अचानक झटका येण्याची शक्यता किती, हे पाहिलं जातं.
- अपस्मार (फिट येणं) : निदान झालेलं असेल तर अपात्र.

'अनफिट' शेरा आला तर?

'तात्पुरते अपात्र' म्हणजे उपचार किंवा जादा तपासण्या करून पुन्हा या. 'कायमस्वरूपी अपात्र' या निर्णयाविरुद्धही फेरतपासणी मागता येते. त्यासाठी तज्ज्ञांचे अहवाल लागतात.

आजार लपवला तर?

24 मार्च 2015 रोजी जर्मनविंग्सचं विमान आल्प्समध्ये सहवैमानिकाने मुद्दाम पाडलं आणि 150 जणांचा जीव गेला. त्याने आपला मानसिक आजार कंपनीपासून लपवला होता. चुकीची माहिती दिल्यास लायसन्सही जाऊ शकतं. त्यामुळे जुने रिपोर्ट, ऑपरेशन, चालू औषधं, सगळं सांगा.

आधी काय करावं?

कमर्शियल लायसन्ससाठी किमान 200 तास उड्डाण लागतं. त्याचा खर्च लाखांत जातो आणि अनेक घरं त्यासाठी कर्ज काढतात. प्रशिक्षण सुरू करायला क्लास 2 पुरेसं असतं, त्यामुळे क्लास 1 पुढे ढकललं जातं. तसं करू नका. बारामती असो वा गोंदिया, फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधीच दोन्ही मेडिकल करून घ्या. आजार असेल तर तो तपासणीच्या टेबलावर कळलेला बरा, कर्जाचा पहिला हप्ता गेल्यावर नको.