कोणते औंध, कोणता सातारा?

गेल्या दिवाळीत आम्ही फराळाला बसलो होतो. माझ्या भाचीने असा एक प्रश्न टाकला की हातातली चकली हातातच राहिली. ती पुण्यात शिकते.

"मामा, कुंडलला म्हणे औंधच्या राजाचं राज्य होतं. पण औंध तर आमच्या विद्यापीठाच्या पलीकडे! तिथला राजा सांगलीपर्यंत पोचला कसा?"

"असं तुला कुणी सांगितलं?" मी विचारले.

"तुम्हीच!"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. फावल्या वेळात मी संगणकावरील एका ज्ञानकोशासाठी सातारा-सांगलीच्या इतिहासाच्या नोंदी लिहितो. नोंदीतला एखादा शब्द निळा करून ठेवला, की त्यावर बोट टेकताच त्या विषयाची स्वतंत्र नोंद समोर उघडते. याला दुवा म्हणतात. कुंडलच्या नोंदीत 'औंध' हा शब्द मी हौसेने निळा केला होता, पण तो उघडतो कोठे, हे पाहण्याची तसदी घेतली नव्हती. तो उघडत होता पुण्याच्या औंध उपनगरात!

चूक माझीच होती. पण ती सुधारायला बसलो तेव्हा ध्यानात आले, की आपल्या मुलखाचा इतिहास नीट सांगायचा तर दुवा कोठे द्यावा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

पंतप्रतिनिधींचे औंध हे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले गाव. संस्थान लहानसे, आणि तेही सलग नव्हे. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ती याच संस्थानच्या राजाने दिलेल्या जागेवर. त्याच राजाने, भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्याचा कारभार प्रजेच्या हाती सोपवला. १९४८ साली संस्थान विलीन झाले. आज औंध गाव सातारा जिल्ह्यात आहे. कुंडल, किर्लोस्करवाडी आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात आहेत.

'सातारा' या शब्दाचे दुखणे याहून मोठे. बेचाळीसच्या चळवळीतून उभे राहिलेले क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार साताऱ्याचे म्हणून प्रसिद्ध आहे. पण नानांचे येडेमच्छिंद्र वाळवे तालुक्यातले, म्हणजे आज सांगली जिल्ह्यातले. प्रतिसरकारचे मोठे ठाणे कुंडल. ते तेव्हा संस्थानात होते. ७ जून १९४३ रोजी तूफान सेनेने जेथे आगगाडी अडवून सरकारी पैसा ताब्यात घेतला, ते शेणोली मात्र कऱ्हाड तालुक्यातले, म्हणजे आजही साताऱ्याचेच. पुढे १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत यांसारख्या संस्थानांचा मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले.

आता प्रतिसरकारच्या नोंदीत 'सातारा जिल्हा' हे शब्द निळे केले तर वाचक आजच्या साताऱ्याच्या नकाशावर जाऊन पडतो. तेथे ना येडेमच्छिंद्र, ना कुंडल! कुंडलच्या पोराने तो नकाशा पाहिला तर त्याला वाटेल, हा इतिहास शेजारच्या जिल्ह्याचा, आपला नव्हे. ज्यांच्या आजोबांनी रात्री-बेरात्री भाकरी पोचवल्या, त्यांच्या नातवंडांना असे परके करण्याचा अधिकार मला कोणी दिला?

गंमत अशी, की हा विवेक आमच्याच जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या वाईला, संगणक घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी पाळला जात होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातल्या काही नावांआधी एक छोटासा बाण असतो. 'या विषयावर स्वतंत्र नोंद आहे' एवढाच त्याचा अर्थ. पण तो बाण पाळायचा तर वाचकाला उठून दुसरा जाडजूड खंड काढावा लागे. विसावा खंड निघाला २०१५ साली. म्हणजे 'अ'मधला बाण 'स'कडे वळला, तर वाचकाने काही दशके कळ काढायची! असा बाण मारण्याआधी संपादक दोनदा विचार करणारच. आता बोट टेकले की काम होते. म्हणून विचार करायचा राहून जातो.

आणि दुवा दिसतो तितका भोळाही नसतो. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दिदरोने आपला प्रचंड ज्ञानकोश काढला. त्यात 'नरभक्षक' या नोंदीच्या शेवटी वाचकाला ख्रिस्ती धर्मातल्या प्रसादविधीची नोंद पाहायला सांगितले होते. त्या विधीत येशूचे शरीर आणि रक्त म्हणून भाकरी आणि द्राक्षरस घेतात. नोंदीत टीकेचा एक शब्द नाही. नुसते 'पहा' म्हटले, आणि जे म्हणायचे ते म्हणून झाले!

तेव्हापासून मी स्वतःपुरते काही नियम केले आहेत. राजा, नदी, आगगाडी असले शब्द निळे करायचे नाहीत. ते वाचकाला ठाऊकच असतात. एक नाव दहा वेळा आले तरी दुवा पहिल्या ठिकाणी, एकदाच. दुवा दिला की तो उघडून पाहायचाच. आणि जेथे वाचकाची वाट चुकण्याची भीती आहे, तेथे नुसत्या दुव्यावर भिस्त ठेवायची नाही. 'तेव्हाचा सातारा जिल्हा, ज्याचा दक्षिण भाग आज सांगलीत आहे' असे अर्धे वाक्य सरळ लिहून टाकायचे. जे आपण सांगायला हवे, ते दुव्यावर ढकलणे हा आळस आहे.

कुंडलच्या नोंदीत आता 'औंध संस्थान' असा दुवा आहे. भाचीने तो मुद्दाम उघडून पाहिला आणि विचारले, "मामा, यातला गुणदाळ हा शब्द लाल का?"

"नोंद नसली की शब्द लाल दिसतो. ती अजून कुणी लिहिलेली नाही."

"मग तो काढून का टाकत नाही?"

मी म्हटले, "राहू दे. ते आपले देणे आहे. काढून टाकले तर फिटल्यासारखे वाटेल."