साडेचारचा सामना

सामना साडेचारचा असला तरी आम्ही दोन वाजताच घराबाहेर पडायचो. वास्कोच्या टिळक मैदानात जागा मिळावी म्हणून नव्हे, तर घरी बसवत नसे म्हणून. आईने वाढलेली हुमण-शीत कशीबशी संपवायची आणि हात पुसत दार ओढून घ्यायचे. गल्लीच्या तोंडाशी शेजारचा मित्र उभा असायचाच. तो सेंट आंद्रे चर्चमध्ये मेणबत्ती लावून आलेला असे आणि मी देव दामोदराला नारळ बोललेला असे. पुढचे अडीच तास गोलांचा आकडा तोंडातून काढायचा नाही, नवा शर्ट घालायचा नाही आणि मागच्या विजयाच्या वेळी ज्या पायरीवर बसलो होतो तीच पायरी धरायची, हे आमचे नियम. हरलो तर परतीच्या वाटेवर वाद ठरलेला: मेणबत्ती विझली होती की नारळ नासका निघाला?

आमचा क्लब साळगावकर. तो मी निवडला नव्हता. कुलदैवत कुणी निवडते का? वडिलांची नोकरी मुरगाव बंदरातली, बिऱ्हाड वास्कोत आणि गल्लीतल्या पोरांच्या तोंडी हिरव्या जर्सीचेच नाव. एवढे कारण पुरेसे होते.

माझ्या आजीला मात्र हे पटत नसे. फुटबॉल म्हणजे किरिस्तांवांचा खेळ, आपल्या पोरांनी क्रिकेट खेळावे, असे तिचे म्हणणे. तिचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूबरोबर, बार्देशातल्या शिवोलीत, असे सांगितले जाते. पुढे तो पाद्रींच्या शाळांमधून आणि चर्चसमोरच्या मोकळ्या जागांतून पसरला. भाताची कापणी झाली की रिकामी शेतेच मैदाने होत. साष्टी आणि बार्देश हे त्याचे बालेकिल्ले. फोंडा-डिचोलीकडच्या देवळांच्या गावांत तो उशिरा पोचला.

मग एक हिंदू मुलगा आणि एक ख्रिस्ती मुलगा एकाच क्लबसाठी देव पाण्यात घालून कसे बसले? याचे उत्तर आमच्या अंगणात रोज साचणाऱ्या तांबड्या धुळीत होते. पन्नासच्या दशकात गोव्याचे लोहखनिज जहाजांतून जपानला जाऊ लागले आणि मुरगाव बंदराला नवे दिवस आले. १९५१ साली वास्को स्पोर्ट्स क्लब आला, १९५६ साली साळगावकर. मुक्तीनंतर, १९६५ साली सेझा गोवा आणि त्याच दशकाच्या अखेरीस धेंपो. गोव्याची फुटबॉल संघटना १९५९ची, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतलीच. खाणमालक बहुतेक हिंदू, खेळाडू बहुतेक ख्रिस्ती, आणि खाणीत, बार्जीवर, धक्क्यावर काम करणारे दोन्हीकडचे. खेळाडूंना कंपनीत नोकरी मिळे. सकाळी कचेरीत दिसणारा माणूस संध्याकाळी मैदानावर दिसायचा. त्यामुळे क्लब आपल्या घरचाच वाटायचा.

आजीचे तोंड बंद केले ते ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी. साळगावकरचा गोलरक्षक, भारताचा कर्णधार आणि आडनावात आमच्या शेजारचेच शंखवाळ! १९८३-८४ साली गोव्याने संतोष चषक जिंकला तेव्हा तिने स्वतःहून विचारले, "आमचो तो ब्रह्मानंद बरो खेळ्ळो मू?" त्यांना १९९७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री मिळाली. आजी तेव्हा नव्हती, पण मला तिचाच प्रश्न आठवला.

मैदानावर आम्ही ओरडायचो कोंकणीत आणि दुसऱ्या दिवशी सामना वाचायचो मराठीत. त्यातही गंमत अशी, की घरी येणारे दैनिक 'नवप्रभा', म्हणजे धेंपोंचे. आमच्या साळगावकरने धेंपोला हरवल्याची बातमी धेंपोंच्याच छापखान्यातून यावी आणि वडिलांनी ती चहाबरोबर मोठ्याने वाचावी, यासारखे सुख नव्हते.

साळगावकरने १९८८ आणि १९८९ साली लागोपाठ फेडरेशन कप जिंकला. असा चषक गोव्यात आणणारा तो पहिला क्लब. १९९८-९९ मध्ये राष्ट्रीय लीगही प्रथम गोव्यात आणली ती आम्हीच. 'आम्ही' हा शब्द मी आजही वापरतो. मी कधी एक चेंडूही मारलेला नाही.

धेंपो म्हणजे हाडवैरी. पण ५ डिसेंबर २००४ची रात्र विसरता येत नाही. बंगळूरला फेडरेशन कपची अंतिम लढत, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोचे दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरने केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला आणि त्यातच गेला. धेंपोने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. त्यानंतरच्या धेंपोविरुद्धच्या सामन्याआधी मित्राने दोन मेणबत्त्या लावल्या. दुसरी कुणासाठी, ते मी विचारले नाही.

पुढचा काळ सोन्याचा. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात हंगाम राष्ट्रीय विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. चार वेळा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स आणि २०१०-११ मध्ये साळगावकर. एवढ्याशा गोव्याने कोलकात्याच्या बलाढ्य क्लबांना सात वर्षे ताटकळत ठेवले. आम्हाला वाटले, हे असेच चालायचे.

तसे झाले नाही. २०१२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद पडल्या. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी गोवा हा नवा संघ आला. नवी लीगच देशाची मुख्य लीग होणार, अशी आखणी राष्ट्रीय महासंघाने मांडली, तेव्हा तिला विरोध म्हणून २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. साळगावकरला उरली ती गोव्याची स्थानिक लीग. धेंपो पुढे २०२४-२५च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला.

निर्णय वर्तमानपत्रात वाचला त्या दिवशी माझ्या लक्षात आले, की क्लब कधीच आमचा नव्हता. तो पाद्रींच्या शाळेचा नसला तरी मालकाच्या कंपनीचा होता. मालकाची कारणे त्याच्या परीने खरी असतील. पण नारळ बोलणाऱ्याला कुणी विचारले नव्हते, आणि विचारण्याची पद्धतही नव्हती.

एफसी गोवाविषयी माझा राग नाही. भाच्याला घेऊन फातोर्ड्याला जातो. २० डिसेंबर २०१५ रोजी तिथेच अंतिम सामन्यात आपण २-१ने पुढे होतो आणि शेवटच्या काही मिनिटांत चेन्नईयनने दोन गोल करून चषक नेला. भाचा माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडला. मी हळहळलो, पण रडलो नाही, आणि घरी येताना याचेच वाईट वाटत राहिले. त्याचा क्लब त्याला सापडला होता. मी तिथे पाहुणा होतो.

मित्र आता इंग्लंडात, स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्टवर आमच्याकडची कितीतरी माणसे तिकडे गेली, त्यांतला तो एक. मध्यंतरी साळगावकरचा स्थानिक लीगचा सामना म्हापशाला धुळेर मैदानावर होता. वास्कोहून दोन बसगाड्या बदलून जायचे, म्हणून सकाळी अकरालाच निघण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात फोन वाजला. तिकडे पहाट झालेली नव्हती.

"नाल्ल उलयलो?" त्याने विचारले.

"उलयलो. आनी तुजी मेणवात?"

"चर्च उगडूंक ना अजून. घरांतूच लायल्या."

मैदानात जेमतेम शंभर माणसे होती. सामना सुरू व्हायला दीड तास होता. हिरव्या जर्सीतली पोरे नुकतीच बूट बांधत होती आणि त्यांतल्या एकाचेही नाव मला ठाऊक नव्हते. मी मधली पायरी धरून बसलो. शर्ट जुनाच होता.