भिन्नवंशीय प्रेम आणि ख्रिस्ती श्रद्धा (मराठी कादंबरीतील)

मराठी कादंबरीत ख्रिस्ती श्रद्धा आणि विवाह यांची सांगड आरंभापासून आहे. वंशाची सीमा ओलांडणारे प्रेम मात्र पुष्कळ उशिरा ठळकपणे येते, आणि तेव्हा श्रद्धेचा धागा बहुधा सुटलेला असतो.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) : बेळगावचे. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पुष्कळ अभ्यासक मराठीतील पहिली कादंबरी मानतात. काही हा मान ल. मो. हळबे यांच्या ‘मुक्तामाला’स (१८६१) देतात. विधवाविवाहाचा कायदा झाल्याच्या पुढच्याच वर्षी ‘यमुनापर्यटन’ निघाले. केशवपनासह विधवांचे हाल त्यात तपशिलाने येतात. पती विनायक वारल्यावर नायिका यमुना ख्रिस्ती होते आणि ख्रिस्ती पुरुषाशी पुनर्विवाह करते. प्रचाराचा हेतू उघड आहे. तरीही विधवेला दुसऱ्या संसाराचा हक्क देणारा हा शेवट त्या काळी धीटच होता.

कृपाबाई सत्यनाथन (१८६२–९४) : अहमदनगरच्या हरिपंत खिस्ती या धर्मांतरित ब्राह्मणाची कन्या. वैद्यकाच्या शिक्षणासाठी त्या मद्रासला गेल्या आणि पुढे सॅम्युएल सत्यनाथन या तमिळ ख्रिस्ती तरुणाशी विवाहबद्ध झाल्या. त्यांची आत्मचरित्रपर कादंबरी ‘सगुणा’ १८८७–८८ मध्ये मद्रासच्या एका ख्रिस्ती नियतकालिकातून क्रमशः आली. प्रीती, विद्या आणि प्रार्थना यांत ओढाताण न मानणारी अशी नायिका त्या काळात विरळाच. लेखन इंग्रजीत झाल्याने मराठी वाङ्मयेतिहास कृपाबाईंना बाजूला ठेवतो. हा अन्याय आहे.

कायदा : १८७२ च्या विशेष विवाह कायद्यानुसार लग्न करताना आपण हिंदू, ख्रिस्ती इत्यादी कोणताही धर्म मानत नाही, असे दोघांना जाहीर करावे लागे. ही अट १९५४ च्या कायद्याने गेली. १८७२ च्याच ख्रिस्ती विवाह कायद्याखाली मात्र वधूवरांपैकी एकजण ख्रिस्ती असला तरी पुरते. जुन्या कथांत प्रेमाआधी धर्मांतर का येते, हे ठरवताना श्रद्धेबरोबर हा कायदाही ध्यानात घ्यावा लागतो.

विसावे शतक : विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) युरोपातून निघालेल्या बोटीवर मराठी तरुण चक्रधर विध्वंस आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांचे प्रेम जमते. येथे धर्म उपासनेतून येत नाही. छळाचे कारण म्हणून येतो. गौरी देशपांडे यांच्या ‘तेरुओ’त (१९८५) मराठी स्त्री आणि जपानी पुरुष यांचे नाते आहे, ख्रिस्ती श्रद्धेचा तिथे संबंध नाही.

समकालीन : कादंबरीबाहेर पाहिले तर वसईतील ख्रिस्ती लेखनाने मराठीला ललित गद्य आणि कविता भरघोस दिली. त्या परंपरेतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.