प्रक्रिया-जोडी

संगणकजाळ्यावरील सेवा अखंड राहावी म्हणून एकच प्रोग्रॅम दोन प्रोसेसरांवर, मुख्य आणि राखीव अशा दोन प्रक्रियांच्या रूपात चालविण्याची पद्धत. मागण्या मुख्य प्रक्रिया हाताळते. राखीव प्रक्रिया फक्त मुख्य प्रक्रियेने पाठविलेली स्थिती नोंदवून घेते आणि मुख्य बंद पडताच काम पुढे नेते. टॅन्डेम कंपनीची गार्डियन ही कार्यप्रणाली हे या पद्धतीचे ठळक उदाहरण होय.

इतिहास : ह्यूलेट-पॅकार्ड सोडून आलेल्या जेम्स ट्रेबिग यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात टॅन्डेम स्थापन केली. तिचा पहिला ‘नॉनस्टॉप’ संगणक १९७६ मध्ये सिटीबँकेला मिळाला. त्यात २ ते १६ प्रोसेसर बसविता येत. प्रत्येकाची स्मृती वेगळी असे आणि दळणवळण दुहेरी बसवरील संदेशांनी होई. १९९७ मध्ये कंपनी कॉम्पॅककडे व २००२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डकडे गेली.

कार्य : प्रत्येक प्रोसेसर दर सेकंदाला ‘मी जिवंत आहे’ असा संदेश इतरांना पाठवितो. ठरावीक काळात तो न आल्यास इतर प्रोसेसर त्याला बंद समजतात. मुख्य प्रक्रिया महत्त्वाच्या टप्प्यांवर राखीव प्रक्रियेकडे चेकपॉइंट, म्हणजे आपल्या तोवरच्या स्थितीची नोंद, पाठविते. चेकपॉइंट कोठे घ्यावा, हाच रचनेतील कळीचा निर्णय असतो : फार वेळा घेतला तर वेग घटतो, एखादा निसटला तर राखीव प्रक्रिया जुन्या स्थितीवरून सुरू होते.

समजा, खात्यातून ५०० रुपये वजा करून मुख्य प्रक्रियेने चेकपॉइंट पाठविला आणि उत्तर देण्याआधीच ती बंद पडली. उत्तर न मिळाल्याने तीच मागणी त्याच अनुक्रमांकासह राखीव प्रक्रियेकडे जाते. चेकपॉइंटमध्ये अनुक्रमांक नोंदलेला असल्याने राखीव प्रक्रिया रक्कम पुन्हा वजा न करता आधीचेच उत्तर देते. ग्राहक-प्रोग्रॅमला अदलाबदल कळतही नाही, कारण तो जोडीला एकाच नावाने हाक मारतो. टॅन्डेमच्या एक्स्पांड या जाळे-सॉफ्टवेअरमुळे नावाने हाक मारण्याची हीच सोय दूरच्या यंत्रांपर्यंत पोहोचली.

सॉफ्टवेअरमधील दोष : दोन्ही प्रक्रियांत तोच प्रोग्रॅम असल्याने त्यातील चूकही दोन्हींकडे असते. मात्र टॅन्डेममधील जिम ग्रे यांनी १९८५ च्या अहवालात दाखविले, की प्रत्यक्ष वापरातील बहुतेक चुका क्षणिक परिस्थितीवर अवलंबून असतात व पुन्हा प्रयत्न करताच नाहीशा होतात. तपासलेल्या एका नमुन्यातील १३२ दोषांपैकी एकच हमखास पुन्हा घडणारा निघाला. हा नमुना एकाच कंपनीच्या अनुभवातला असल्याने तो सर्वत्र लागू पडेलच असे नाही.

मर्यादा : चेकपॉइंटसह बिनचूक प्रोग्रॅम लिहिणे कठीण असते. त्यामुळे पुढे अनुप्रयोगांसाठी व्यवहार-प्रणालीवर (अर्धवट राहिलेला व्यवहार पूर्णपणे रद्द करणाऱ्या व्यवस्थेवर) भर आला. डिस्क सांभाळणाऱ्या प्रक्रिया मात्र जोडीनेच चालत राहिल्या.

उपयोग : बँका, एटीएम जाळी, शेअरबाजार. मुंबई शेअरबाजाराची १९९५ मधील बोल्ट प्रणाली टॅन्डेम यंत्रांवर चाले.