ना. म. जोशी : मतदार नसलेला प्रतिनिधी



लोकप्रतिनिधी कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला फार सोपे वाटते. ज्याला लोकांनी मते देऊन निवडून दिले तो लोकप्रतिनिधी! ही व्याख्या मान्य केली, तर आज ज्या गृहस्थांविषयी मी बोलणार आहे, ते लोकप्रतिनिधी ठरतच नाहीत. नारायण मल्हार जोशी १९२१ साली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ पाव शतक, तेथे बसले. एवढ्या काळात त्यांना एकाही माणसाने मत दिले नाही. ते सरकारनियुक्त सभासद होते. आणि तरीही, या देशातील कामगाराचा त्यांच्याइतका इमानी प्रतिनिधी दुसरा दाखवून द्या म्हटले, तर मला विचारात पडावे लागेल.

जोशींचा जन्म ५ जून १८७९ चा, गोरेगावचा. आपण उपनगरवासी आहोत म्हणून सांगतो, हे गोरेगाव मालाडच्या अलीकडले नव्हे. जुन्या कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले. पदवी घेऊन काही वर्षे त्यांनी शाळामास्तरकी केली. १९०९ साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालविणे, हे तिचे काम. चाळीतील खोलीत माणसे कशी राहतात, पगार हाती पडल्यावर सावकाराकडे किती जातो, हे त्यांनी पुस्तकात वाचले नाही. दारोदार फिरून पाहिले. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेच गेले. पुढच्याच वर्षी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटकची स्थापना झाली. तिच्या उभारणीतही जोशी होते आणि पुढे अनेक वर्षे ते तिचे सरचिटणीस होते.

आता त्या कायदेमंडळाची घडण पाहा. १९१९ च्या सुधारणांनी मताचा अधिकार दिला तो मालमत्ता असणाऱ्यांना, कर भरणाऱ्यांना. गिरणीत बारा तास उभा राहणारा माणूस मतदारच नव्हता. मग त्याने निवडून तरी कोणाला द्यावे? म्हणून सुमारे १४५ सभासदांच्या त्या सभागृहात कामगारांच्या नावाने सरकारने एक जागा नेमणुकीने भरली. एका बाजूला सरकारी बाके, दुसऱ्या बाजूला जमीनदार, व्यापारी आणि वकील. आणि मधे हा एकटा माणूस. त्याच्या मागे पक्ष नव्हता, मतांचा गठ्ठाही नव्हता. तेव्हा त्याने करावे तरी काय?

त्यांनी केले ते असे. मार्च १९२१ मध्ये, म्हणजे सभागृहात पाऊल टाकताच, कामगार संघटनांची नोंदणी व्हावी आणि त्यांना संरक्षण मिळावे, असा ठराव त्यांनी मांडला. याची निकड मद्रासने दाखविली होती. तेथील बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या मालकांनी मद्रास लेबर युनियनचे बी. पी. वाडिया यांच्यावर हायकोर्टातून मनाई हुकूम आणला होता. कामगारांना एकत्र करणे म्हणजे मालकाच्या कराराला बाध आणणे, असा न्याय! ठराव मंजूर झाला, पण त्याचा कायदा व्हायला पाच वर्षे लागली. १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला आणि १ जून १९२७ पासून तो अमलात आला. सात कामगारांनी अर्ज केला की युनियन नोंदता येऊ लागली. नोंदलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर केवळ संघटना केली म्हणून फौजदारी कटाचा खटला भरता येईना. पदाधिकाऱ्यांपैकी निम्मे बाहेरचे असले तरी चालतील, अशीही मुभा मिळाली. १९९० च्या दशकात भांडुपच्या एका कारखान्याच्या दाराशी चहाच्या टपरीवर मी सात सह्या गोळा केल्या, तेव्हा आठवी बहिःस्थ सही लागत नाही हे मला याच कायद्याने शिकविले. आमच्यासारख्या बाहेरच्या माणसाला युनियनच्या खुर्चीत बसता आले, तेही त्याच कलमाच्या आधारावर.

पराभवही पुष्कळ झाले. १९२४ साली त्यांनी बाळंतपणाच्या रजेचे आणि भत्त्याचे विधेयक आणले. कारखाने, खाणी आणि मळे यांत राबणाऱ्या स्त्रियांसाठी ते होते. १९२५ साली सभागृहाने ते फेटाळले. पण मांडलेली गोष्ट मरत नाही. १९२९ साली मुंबई इलाख्याने असा कायदा केला. त्याच्या बाजूने मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकर बोलले होते. १९४१ साली खाणींसाठी, १९६१ साली सबंध देशासाठी तो आला आणि २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. कामाच्या तासांचेही तसेच. आठवड्याची मर्यादा १९२२ साली ६० तासांवर आली, १९३४ साली ५४ वर आणि १९४६ साली ४८ वर. कामाचे प्रत्येक तास कमी होताना जोशी त्या सभागृहात हजर होते.

त्यांच्यावर टीका झाली नाही असे नाही. १९२८ च्या गिरणी संपात संयुक्त संप समितीवर डांगे आणि जोशी एकत्र होते. पुढच्याच वर्षी नागपूरला, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या आयटकच्या अधिवेशनात, व्हिटले कमिशनवर बहिष्कार घालावा असे ठरले. जोशी त्या कमिशनचे सभासद होते. ते आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि चळवळ दुभंगली. सरकारने नेमलेला माणूस सरकारशी काय भांडणार, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो अगदीच अस्थानी होता असे मी म्हणणार नाही. पण त्याच १९२९ साली सरकारने ट्रेड डिस्प्यूट्स बिल मंजूर करून घेतले, तेव्हा त्याला या सरकारनियुक्त सभासदाने विरोधच केला. दुसऱ्यांच्या पाठिंब्यासाठी केलेला संप बेकायदा ठरविणारे आणि सार्वजनिक सेवांतील संपाला चौदा दिवसांची नोटीस लावणारे ते बिल होते.

त्यांच्या कायद्यात उणीवही होती. युनियनला नोंदणी मिळाली, पण मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे, असे बंधन आले नाही. मान्यतेचा हा प्रश्न आपल्या घाटकोपरच्या डॉ. दत्ता सामंतांपर्यंत येऊन भिडला. १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार त्यांच्या मागे होते, आणि मान्यता मात्र दुसऱ्याच संघाकडे! १९८४ साली हजारो मते घेऊन डॉक्टर लोकसभेत गेले, तरी तो कायदा त्यांना बदलता आला नाही. मतांचे बळ आणि कायदा घडविण्याचे बळ, या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. २०२० च्या सप्टेंबरात संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. विरोधी पक्षांनी कामकाजावर बहिष्कार घातला होता. त्यांची बाके रिकामी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागू झाली आणि १९२६ चा कायदा शंभरीच्या आधीच रद्द झाला. १९२९ साली सार्वजनिक सेवांपुरती असलेली चौदा दिवसांची नोटीस आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला लागू आहे. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी वा टाळे लावण्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही. अंधेरीच्या एम. आय. डी. सी.त असे कारखाने किती, हे आपणच मोजून पाहावे.

बहिष्काराला कारण नव्हते असे नाही. पण ज्याला एकही मत नव्हते तो माणूस हरण्यासाठी का होईना, हजर राहिला, दुरुस्त्या मांडत राहिला. आणि लाखो मतांचे धनी त्या दिवशी बाहेर होते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ३० मे १९५५ रोजी जोशी वारले. लोअर परळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. लोक त्याला अजून डिलाईल रोडच म्हणतात. त्याची मला खंत नाही. पुढल्या खेपेस आपले खासदार मते मागायला आपल्या दारी येतील, तेव्हा त्यांना एवढेच विचारावे, की कामगारांचे बिल आले त्या दिवशी आपण कोठे होता आणि कोणती दुरुस्ती मांडलीत? एवढे विचारण्याची विनंती करून मी आपली रजा घेतो.