जॉन्जू

जॉन्जू : दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्य भागातील ऐतिहासिक शहर व जॉन्बुक (२०२४ पर्यंत उत्तर जॉल्ला) प्रांताचे मुख्य ठिकाण. ‘हानोक’ या पारंपरिक घरांची वस्ती आणि त्यांतील निवाससोय यांसाठी प्रसिद्ध.

इ. स. ९०० ते ९३६ या काळात येथे उत्तरकालीन बेक्जे राज्याची राजधानी होती. जोसॉन राजवंशाचा संस्थापक यी सॉंग-ग्ये याच्या घराण्याचे मूळ गाव हेच (पहा : जोसॉन राजवंश). त्याचे चित्र ठेवण्यासाठी १४१० मध्ये ग्यॉंगीजॉन हे स्मृतिमंदिर उभारण्यात आले. त्याच्या आवारात राजवंशाच्या इतिवृत्तांचे दफ्तरही होते. १५९२ च्या जपानी आक्रमणात अन्य ठिकाणच्या प्रती जळाल्या. येथील तेवढी डोंगरात हलवल्यामुळे वाचली. जवळच १९१४ चे जॉन्दोंग चर्च आहे. तटबंदीच्या चार वेशींपैकी दक्षिणेची पुंगनाममुन एवढीच उरली आहे.

हानोक वस्ती मात्र जुनी वाटते तेवढी जुनी नाही. तटबंदी पाडल्यावर जपानी व्यापारी शहराच्या आत सरकले; त्याला प्रत्युत्तर म्हणून १९३० च्या सुमारास कोरियन कुटुंबांनी ग्योदोंग व पुंगनाम-दोंग भागांत कौलारू घरे बांधली. ती आज सुमारे ७०० आहेत.

यांतील अनेक घरांत पाहुणे उतरतात. पलंग नसतो, उबदार जमिनीवर अंथरूण घालून निजायचे आणि सकाळी त्याची घडी करायची. ही ऊब ‘ओन्दोल’ची (पहा : ओन्दोल). पूर्वी चुलीचा गरम धूर दगडी फरशीखालून खेळवत. आता बहुधा गरम पाण्याच्या नळ्या असतात. दारांना तुतीवर्गीय झाडाच्या सालीचा ‘हांजी’ कागद लावतात.

बिबिम्बाप या भाताच्या पदार्थासाठी नावाजलेल्या या शहराला युनेस्कोने २०१२ मध्ये पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली.