फेरफार लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा

कार्यालयातल्या सामाईक फोल्डरमध्ये कोणाला काय करू द्यायचं, हा प्रश्न संगणकानेच आणला असा समज आहे. १९७०च्या दशकात युनिक्स प्रणालीने मालक, गट आणि इतर अशी माणसांची विभागणी करून वाचण्याचे, लिहिण्याचे हक्क वेगवेगळे केले, हे खरंच. पण नागपूरच्या महसुली दप्तरात ही विभागणी त्याआधी कितीतरी वर्षं चालू होती, आणि तिथली मूळ अडचण सोयीची नव्हती, अविश्वासाची होती.

१८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. १८८१च्या जमीन महसूल कायद्याच्या काळातलं वाजिब-उल-अर्ज बघा: गुरं कुठे चारायची, जळण कुठून आणायचं, अशा गावच्या वहिवाटी त्यात नोंदलेल्या. शेतकऱ्याचा हक्क त्यावर टिकायचा आणि मालगुजाराच्या, म्हणजे सारा भरणाऱ्या गावमालकाच्या, मालकीला त्यानेच मर्यादा पडायची. दोघांचंही हित गुंतलेलं, म्हणून लेखणी तिसऱ्याच्या हाती: वाजिब-उल-अर्ज जमाबंदी अधिकारी तयार करायचा, गावचं नेहमीचं दप्तर पटवारी लिहायचा. त्याच्यावर तरी भरवसा कुठे? त्याचं लिखाण तपासायला वरचा अधिकारी होताच. मालगुजारी १९५१ साली गेली, पण ही रचना टिकली. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठी (विदर्भात अजून पटवारीच म्हणतात) फेरफार लिहितो, त्याची प्रत चावडीवर लावतो, संबंधितांना नोटीस देतो, हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत घेतो. नोंद प्रमाणित मात्र तो करत नाही. ते काम मंडळ अधिकाऱ्याचं.

यावर कोणी म्हणेल, हा परक्या राज्यकर्त्यांचा एतद्देशीयांवरचा संशय, त्याचं कौतुक कशाला? संशय होताच. पण हरकतीची वाट ठेवल्याने तो शेतकऱ्याच्याही कामी आला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नियम कागदावर, गावात राज्य पटवाऱ्याचं. हेही खरं, कारण लिहिण्याला पहारा होता, पाहण्याची किल्ली मात्र एकट्याच्या खिशात. १८७२च्या पुरावा कायद्याने पाहण्याचा हक्क असलेल्याला फी भरून प्रमाणित नकल मिळे, पण आधी दप्तर उघडायला हवं ना! सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आला तेव्हा पाहणं सगळ्यांना खुलं झालं आणि लिहिणं पूर्वीइतकंच बंदिस्त राहिलं. माझ्या मते सुधारणा झाली ती इथे. आपल्या कार्यालयांत नेमकं उलटं चालतं: कोण विचारत बसणार म्हणून सगळ्यांनाच ‘एडिट’ देऊन टाकायचं.

हक्क पदाचा की माणसाचा, हे मात्र संगणकाने अवघड केलं. पूर्वी बदली झाली की दप्तराची यादी करून, दोघांच्या सह्यांनी चार्ज द्यायचा. किल्ली खुर्चीबरोबर राहायची. ई-फेरफार या संगणक प्रणालीतली डिजिटल स्वाक्षरी व्यक्तीच्या नावाने निघते, त्यामुळे नवा अधिकारी आला की जुन्याची बंद करून नव्याची नोंदवावी लागते. सामाईक फोल्डरमधून बदलून गेलेल्याचं नाव काढायला मात्र कोणी यादी घेऊन बसत नाही.